सुकट पोहाले लागली

बोडीटोल्याचा झिंगू हा ढिवर माणूस. सोसायटीच्या तलावात जाळं टाकायचं, हाती लागेल ते नागभीडच्या बाजारात विकायचं आणि हंगामात दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जायचं, एवढाच त्याचा धंदा. पण आसपासच्या गावांत त्याला ओळखत ते दंडार या नाचगाण्याच्या लोकनाट्यातली बाई म्हणून. तरुणपणी तो लुगडं नेसून नाचायचा आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत त्याचं नाव पुकारलं की शिट्ट्या पडायच्या. चाळिशीत पोट सुटलं, गाल लोंबले, लुगडं आपोआप सुटलं. मागे राहिली ती गमतीची गाणी. नवरा-बायकोच्या भांडणाची, सासरी रुसलेल्या जावयाची, सरपंचाच्या बोकडाची. नवऱ्याचा आणि बायकोचा, दोन्ही आवाज तोच काढायचा.

नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर बाबूभाईंचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटी खपेनाशा झाल्या तेव्हा त्यांच्या पोराने, दानिशने, तिथे कॉम्प्युटर मांडले आणि दारावर पिवळ्या रंगात 'इंटरनेट' असं लिहून घेतलं. ही दोन हजार सहाची गोष्ट. दानिश नागपूरला शिकून आलेला, गाण्याचं वेड असलेला पोरगा. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्याने झिंगूची दंडार पाहिली होती. झिंगू बाजाराच्या दिवशी दिसला की तो म्हणायचा, भाऊ, एक गाणं तरी भरू द्या, इंटरनेटवर टाकतो, जगभरातले लोक ऐकतील. झिंगूला जगाचं काही पडलं नव्हतं. पण पोरगा मान देतो म्हणून एका दुपारी टोपली रिकामी झाल्यावर तो दुकानात जाऊन बसला.

गाणं साधंच होतं. नवरा तलावावर जातो म्हणून निघतो, गुत्त्यावर बसून राहतो आणि संध्याकाळी दुकानातून वाळवलेली सुकट विकत घेऊन घरी येतो. बायकोला सांगतो, आताच पकडून आणली. मग बायको भांडते. झिंगू बारीक आवाज काढून भांडला. दानिश हसला खरा, पण तोंडदेखलं.

गोकुळा, झिंगूची बायको, दारात उभी होती. ती बाजारातून सोबत आली होती आणि उन्हामुळे घरी जायची घाई करत होती. ती म्हणाली, "असी कोणती बाई भांडते, जयाचे बाबा? बाई पहिल्यांदा वरडत नाई. पहिल्यांदा थे इचारते."

झिंगू म्हणाला, मग तूच विचार.

गोकुळा डोक्यावरचा पदर सारखा करत आत आली. माईक म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, जणू खरंच जाणून घ्यायचं आहे अशा आवाजात विचारलं, "तलावात सुकट कधीपासून पोहाले लागली?"

दानिशने तोंडावर हात दाबून धरला, हसू गाण्यात भरलं जाऊ नये म्हणून. मग गोकुळाचा सूर चढत गेला आणि तिने नवऱ्याला, त्याच्या गुत्त्याला, सोबत्यांना आणि सासरच्या सात पिढ्यांना असं झोडपलं की शेजारचा सायकलवाला हातातलं चाक ठेवून ऐकायला आला. ती कधी दंडारीत गेली नव्हती. दंडारीत बायका नसतात, बायकांचं काम पुरुषच करतात. वीस वर्षं ती पाहणाऱ्यांत बसली होती आणि नवऱ्याची बाई कुठे चुकते हे पाहत होती.

दानिशने झिंगू-गोकुळाचा एक फोटो काढला, त्यावर गाणं चढवलं आणि इंटरनेटवर टाकलं. महिनाभर काही झालं नाही. मग पुण्याला कंपनीत कामाला गेलेल्या या झाडीपट्टी भागातल्या पोरांना ते सापडलं. त्यांनी सुरतेच्या पोरांना पाठवलं. गाण्याखाली लोक लिहू लागले. कुणी लिहिलं, माझी आई अगदी अशीच बोलते. कुणी लिहिलं, गाव सोडून चार वर्षं झाली, आज हसता हसता रडलो. दिवाळीला ही पोरं घरी आली तेव्हा गाणं त्यांच्या मोबाईलमध्ये होतं आणि एका मोबाईलमधून दुसऱ्यात जाता जाता ते सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा करत पार गडचिरोलीपर्यंत पोचलं. बाजारात बायका विचारायच्या, "काय वो गोकुळाबाई, आज सुकट पोहून राह्यली का नाई?" ती म्हणायची, "नाई वो, आज तिले सर्दी झाली."

पुढच्या वर्षात त्यांनी आणखी दोन गाणी केली. शब्द झिंगूचे असत, पण लोक थांबत ते गोकुळाच्या तोंडासाठी. झिंगूला हे कळत होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट तो ज्याला त्याला सांगायचा की माझी बाई मीच एवढी वर्षं खोटी करत होतो, खरी तर घरात होती.

गोकुळा तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची. त्या भागात कोण खात नाही? रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून राहायचं तर गालात काहीतरी लागतंच, असं सगळ्याच बायका म्हणत. त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिच्या जिभेच्या कडेला फोड आला. तिने मध लावलं, तुरटीने गुळण्या केल्या. फोड गेला नाही. तिखट सोसेना, मग गरम सोसेना. मुलगी जया बारावीला होती. तिने टॉर्च लावून आईच्या तोंडात पाहिलं आणि टॉर्च बंद करून म्हणाली, उद्या नागभीडच्या डॉक्टरकडे जायचं. नागभीडच्या डॉक्टरने हात न लावताच नागपूरचं नाव काढलं.

छोट्या लाईनच्या गाडीने ते तिघं नागपूरला गेले. तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर समजावून सांगणारे होते. त्यांनी कागदावर जिभेचं चित्र काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. झिंगूला वाटलं, रेघेपुरता छोटा तुकडा कापतील. डॉक्टर म्हणाले, नाही, मागचा थोडा भाग सोडून सगळी काढावी लागेल, नाहीतर बाई वाचणार नाही. गिळायला शिकवू, आवाजही निघेल, पण शब्द फुटणार नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गोकुळा सकाळपासून बोलत होती. वॉर्डातल्या प्रत्येक बाईच्या खाटेजवळ जाऊन बसली. एकीला मरळीचं कालवण कसं करायचं ते सांगितलं, दुसरीच्या सुनेला शिव्या घालून तिला हसवलं, झाडूवालीचं माहेर कुठलं ते विचारून घेतलं. झिंगू मागे मागे फिरत होता. शेवटी तो म्हणाला, थोडा आराम कर.

"उद्यापासून आरामच हाये," ती म्हणाली.

बोडीटोल्याला ती परत आली तेव्हा थंडी संपत आली होती. हनुवटीखालून कानापर्यंत टाक्यांची रेघ गेली होती आणि ओठ एका बाजूला ओढला गेला होता. पेज आणि वरणाचं पाणी, तेही मान मागे टाकून प्यावं लागे. पहिले काही दिवस तिने तोंडच उघडलं नाही. मग एकदा चूल विझायला आली तेव्हा ती जयाला काहीतरी ओरडली. शब्द नव्हता, नुसता ओला, जाड आवाज. जया लाकूड घेऊन धावली. तेव्हा तिघांच्याही ध्यानात आलं की जयाला समजलं होतं.

मग जया शिकत गेली. आई कुठे बघते, आवाज कुठे उचलते, कुठे टाकते, यावरून शब्द ओळखायचा. झिंगूला ते जयापेक्षाही लवकर जमलं. आयुष्यभर तो या बाईच्या बोलण्याची नक्कल करत आला होता, तिच्या वाक्याची चाल त्याला पाठ होती. शब्द गेले तरी चाल गेली नव्हती. पण दुसऱ्या कुणाला काही कळेना. शेजारणी यायच्या, गोकुळा बोलायची, त्या मान डोलवून "व्हय, व्हय" करायच्या. न समजता केलेलं हे "व्हय" तिला सहन व्हायचं नाही. लहान लेकरं तिचा आवाज ऐकून पळायची. तिने बाजारात जाणं सोडलं आणि दारात बसणंही सोडलं.

इकडे गाण्याखाली लोक विचारत होते, पुढचं गाणं कधी? गोकुळाबाई कुठे गेल्या? दानिशने कुणाला उत्तर दिलं नाही. चैत्रात तो बोडीटोल्याला आला आणि त्याने मनातलं सांगितलं. लग्नांत आता डीजे वाजतात. जुन्या तीन गाण्यांतून बाईंचा आवाज वेगळा काढता येईल. तुकडे करून, ताल लावून, त्याचं नवीन गाणं बनवता येईल. डीजे मिक्स. बाईंना काही बोलावं लागणार नाही.

झिंगू म्हणाला, "तिले एकदा कापलं, दानिश. आता आवाज बी कापतं का?"

दानिशची मान खाली गेली. तो उठलाच होता, तेवढ्यात गोकुळा आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती दानिशला काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही, पण त्याने "व्हय" केलं नाही. त्याने विचारलं, "बाई, पुन्हा सांगा." तिने पुन्हा सांगितलं. मग जयाने सांगितलं, "थे म्हणते, कर. पण मी बसून पाहीन."

ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती नागभीडला गेली, तोंडावर पदर ओढून. बाबूभाईंनी गल्ल्यावरची त्यांची गादीची खुर्ची आत आणून ठेवली आणि दुकानाचा पडदा लावला. दानिशने कॉम्प्युटरवर तिचा आवाज उघडून दाखवला. हिरव्या डोंगरांसारख्या रेघा होत्या. तो एक डोंगर कापायचा आणि पुढे पुढे चिकटवायचा. पोहाले, पोहाले, पोहाले. खाली ढोलाचा ठोका. गोकुळा स्वतःचा धडधाकट आवाज ऐकत होती. झिंगू बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याच्याने आत बसवेना.

बरेच दिवस हे चाललं. गोकुळा बोट दाखवून सांगायची की इथे लांबव, इथे सोड. झिंगूचा आवाज तिने जवळजवळ सगळा काढून टाकायला लावला. गाणं तयार झालं असं दानिश म्हणाला त्या दिवशी तिने माईककडे बोट दाखवलं. दानिशला वाटलं, तिला तो बाजूला ठेवून हवा आहे. पण तिने तो हातात घेतला, पदर बाजूला केला आणि बोलली.

जुन्या गाण्याच्या शेवटी बायको नवऱ्याला दाराबाहेर ठेवते आणि आतून कडी लावते. गोकुळाने आता त्याच्या पुढचं म्हटलं. झिंगू तेव्हा पडद्याशीच होता. त्याला लगेच कळलं. ती म्हणत होती, "ये आता घरी. भात थंडा होऊन राह्यला."

दानिशने ते गाण्याच्या शेवटी तसंच ठेवलं. ढोल थांबतो, सगळं शांत होतं, आणि तो ओला, जाड आवाज येतो. मग गाणं संपतं.

लग्नसराईच्या तोंडावर डीजे मिक्स निघालं. सीडीच्या कव्हरवर झिंगू-गोकुळाचा तोच जुना फोटो होता. इंटरनेटवर ते आधीच्या तिन्ही गाण्यांच्या पुढे गेलं. दानिश लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायला बोलवायचा आणि गोकुळाही आता त्यासाठी दुकानात यायची. एकदा वाचता वाचता तो अडखळला. तिने हाताने विचारलं, काय? तो पुढचं वाचू लागला तेव्हा तिने त्याला मागे नेलं. त्याला वाचावं लागलं. कुणीतरी लिहिलं होतं की शेवटचं ते बोबडं बोलणं सगळ्यात भारी आहे, हसून हसून पोट दुखलं, कोण काढते हा आवाज? त्याखाली आणखी कितीतरी जणांनी तेच लिहिलं होतं.

गोकुळाने पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलू लागले. झिंगूला वाटलं, रडते. त्याने तिचा हात धरून पदर बाजूला केला तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही खरं.

दानिश म्हणाला, मी आत्ता लिहितो की हे बोबडं नाही, बाईंची जीभ कापली आहे, लाज वाटू द्या. गोकुळाने कीबोर्डवर हात ठेवला. ती सावकाश बोलली आणि झिंगूने ते दानिशला सांगितलं. "थे म्हणते, गल्लीतले लेकरं मले पाहून पळतेत. इथी लोक हासून राह्यले. सांगशीन तं थे बी पळतीन."

दानिशने काही लिहिलं नाही.

गोकुळाला ते पुरलं असेल, झिंगूला पुरलं नाही. वैशाखात त्याच्या चुलतभावाकडे लग्न होतं. वऱ्हाडाबरोबर ब्रह्मपुरीचा डीजे आला होता. मांडवासमोर पोरं नाचत होती आणि गाणं शेवटाला आलं की सगळी थांबायची, तोंड वाकडं करायची आणि तो आवाज काढायची. एकाने तर तोंडात रुमाल कोंबून काढला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. झिंगू जेवणाच्या पंगतीत वाढत होता. त्याने भाजीची बादली खाली ठेवली, गाडीपाशी गेला आणि डीजेची वायर उपटली.

एकदम सगळं बंद पडलं. वरपक्षाची माणसं चिडून पुढे आली. नवरदेवाचा मामा हमरीतुमरीवर आला. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून गोकुळा उठली. एवढ्या माणसांत ती कित्येक महिन्यांत उभी राहिली नव्हती. ती मधोमध आली, कमरेवर हात ठेवले, तोंडावरचा पदर मागे टाकला आणि नवऱ्याला झापू लागली. त्या आवाजात एक शब्द कुणाला कळला नाही. पण हात कुठे जातो, मान कशी झटकते, सासरच्या सात पिढ्यांवर येताना बोट आभाळाकडे कसं जातं, हे तिला ओळखणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत होतं. आधी एक म्हातारी हसली. मग हसणं वाढत गेलं, आणि हसताहसताच कितीतरी बायकांनी डोळ्याला पदर लावला. नाचणारी पोरं तिच्या हनुवटीखालची रेघ बघत उभी राहिली. रुमालवाल्या पोराने रुमाल खिशात घातला.

गोकुळाने वायरीकडे बोट दाखवलं. झिंगूने वायर पुन्हा जोडली.

त्यानंतर बोडीटोल्याच्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. कळलं नाही तर "काय म्हणतं वो?" असं पुन्हा विचारू लागल्या. तिचा तो उन्हाळा बरा गेला. पण आषाढात मानेला गाठ आली. नागपूरच्या डॉक्टरांनी या वेळी चित्र काढलं नाही. घरी घेऊन जा म्हणाले. झिंगूने खूप विनवलं. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, पण त्यांचं सांगणं बदललं नाही.

भादव्यात पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी गोकुळा गेली. शेवटचे दिवस तिचा आवाजही निघत नव्हता. जायच्या आधी केव्हातरी तिने जयाला खुणेने सांगितलं होतं की मोहाळीच्या मंडईत गाण्यासाठी सुपारी घेतलेली आहे, बापाला पाठव.

झिंगू जाणार नव्हता. दिवाळीनंतर मंडयांचे दिवस आले तशी जयाने आईच्या सांगण्याची आठवण दिली. एकदा, दोनदा नाही, रोज दिली. शेवटी तो निघाला. दानिशने ओळखीच्याची व्हॅन मागून आणली आणि जया सोबत गेली.

मोहाळीला दुपार कलताना झिंगू मंचावर उभा राहिला. बोकडाचं गाणं म्हटलं, जावयाचं म्हटलं. लोक हसले. तो जे करत होता ते बरोबर होतं, त्यात फक्त तो नव्हता. मग पुढच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, सुकट, सुकट. दानिशने झिंगूकडे पाहिलं. त्याने मान हलवली तसं दानिशने डीजे मिक्स लावलं. मैदान नाचू लागलं. शेवट आला, ढोल थांबला, आणि भोंग्यांतून गोकुळाचा आवाज आला, सगळ्या मैदानावर. ये आता घरी. लोक खो खो हसले. कुणीतरी ओरडलं, पुन्हा, बोबडं पुन्हा. झिंगू माईकपाशी नुसता उभा होता. सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. मग तिने कीबोर्डवर ठेवलेला हात त्याला दिसला असावा. त्याने हात जोडले आणि खाली उतरला.

मंचामागे दानिश आणि जया वायरी गुंडाळत होते. तिथे एक पन्नाशीचा माणूस येऊन थांबला होता. नाकाखालून गळ्यापर्यंत दुपट्टा बांधलेला. त्याच्या सोबतचा माणूस सांगत होता, हे आमचे मुखरूभाऊ, यायले तुमाले भेटाचं होतं, पण यायचं बोलणं कोणाले समजत नाई. मुखरूने दुपट्टा खाली केला. टाके अजून ओले दिसत होते. तो बोलला, आणि झिंगूला पहिल्याच वेळी सगळं समजलं.

त्याने विचारलं होतं, गाण्यातल्या त्या बाईचं माझ्यासारखंच झालं आहे ना?

"व्हय," झिंगू म्हणाला.

मुखरूने त्याचा दंड धरला. आता ती कशी आहे?

झिंगू म्हणाला, "बरी हाये. घरी हाये. पेज पेते, काम करते, मले झापते."

मुखरूने डोळे मिटून घेतले. मग त्याने गावाचं नाव विचारलं आणि गेला. जयाच्या हातातली वायर अर्धी गुंडाळून तशीच राहिली होती. परतताना व्हॅनमध्ये ती एवढंच म्हणाली, "बाबा, थे येतीन तं?"

थंडी चांगली पडल्यावर एका सकाळी मुखरू आला. सोबत बायको होती, रुखमा. ती दारातच थांबली आणि मुखरू आत आला. समोर भिंतीवर गोकुळाचा फोटो होता, त्याला हार. झिंगू जाळं विणत बसला होता. तो उठला आणि हात जोडून उभा राहिला. "माफ करजा, भाऊ," तो म्हणाला. "मले सांगता नाई आलं."

मुखरू खाली बसला. तो बोलला. रुखमा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत सवयीने मान डोलवत होती. जयाने तिला सांगितलं, "काकू, थे म्हणतेत, मले त्याच दिसी समजलं होतं. ज्याची बायको घरी असते थो बायकोचा आवाज आयकून मंचावर असा उभा राहत नाई."

झिंगूने विचारलं, मग एवढ्या लांब कशाला आलात?

मुखरू म्हणाला, घरी माझं कुणाला समजत नाही. तुम्हाला समजतं. मला जरा बोलायचं होतं.

मग तो बोलत राहिला. धान कापणीबद्दल, दवाखान्याबद्दल, रुसून बसलेल्या भावाबद्दल. अडलं तिथे जया रुखमाला सांगायची. रुखमाने भीत भीत जयाला विचारलं, हे रोज सकाळी मला काहीतरी म्हणतात, हात झटकतात, मी व्हय व्हय करते. काय म्हणतात ते विचार ना.

मुखरूने सांगितलं. जयाला हसू आलं आणि तिने ते आवरलं. "थे म्हणतेत, एवढी वरडू नको. माही जीभ कापली हाये, कान नाई."

रुखमाने तोंडावर हात घेतला. झिंगू हसला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच हसला आणि हसता हसता गुडघ्यात डोकं घालून रडू लागला. कुणी त्याला थांबवलं नाही. जयाने रुखमाला जवळ बसवलं आणि मुखरूला म्हणाली, काका, सावकाश बोला, काकू तुमच्या डोळ्याकडे पाहतीन. दिवसभर ते तसेच बसले होते. संध्याकाळच्या बसपर्यंत रुखमाला एकदोन शब्द ओळखू येऊ लागले होते.

ते दोघं नंतर बरेचदा आले. झिंगूने पुन्हा मंचावर पाय ठेवला नाही. डीजे मिक्स लग्नालग्नांतून वाजतच राहिलं. ते कानावर आलं की तो हातातलं काम थांबवायचा आणि संपलं की पुन्हा सुरू करायचा.

पुढच्या चैत्रात रुखमा एकटीच आली. जयाने तिला पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर रुखमा स्वतःच म्हणाली, "शेवटी लय बोलले. दोन दिवस बोलतच होते."

मग ती जयाकडे वळली. "मले सारं समजलं वो, बाई. एक बी शब्द सुटला नाई."